विषय क्रमांक नऊ

१९६४ सालच्या मे महिन्यात पिंपळदरीच्या शालिग्राम गुरुजींच्या घरी दोन कॉलेजांचे फॉर्म येऊन पडले, आणि ते आल्यापासून घरात कोणी कोणाशी धड बोलेनासं झालं.

एक फॉर्म नागपूरचा, दुसरा अमरावतीचा. नागपूरचा स्नेहलतानं स्वतः पत्र टाकून मागवला होता, अमरावतीचा गुरुजींनी. मॅट्रिकनंतरचं एक वर्ष तिनं खामगावला मामाकडे राहून काढलं होतं. पण मामाची बदली झाली आणि ते दार बंद झालं. आता बी.ए. करायचं तर कुठंतरी होस्टेलात राहणं आलं. फॉर्मवर दोन रिकाम्या ओळी होत्या. वर छापलं होतं, ‘मुख्य विषय’. त्या दोन ओळींवरून बाप-लेकीत आठवडाभर जुंपली होती.

पहिल्या ओळीबद्दल स्नेहलताच्या मनात शंकाच नव्हती. दहावीत असताना शाळेची सहल नागपूरला गेली होती. हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि बाईंनी ओळखीनं पोरींना विधानसभेच्या गॅलरीत अर्धा तास बसवलं होतं. इतर पोरी खालच्या गाद्यांच्या खुर्च्या आणि पंखे मोजत होत्या. स्नेहलता मात्र कठड्याला छाती टेकून, कोण कोणाला काय विचारतो आणि उत्तर देणारा कसा निसटून जातो, तेच बघत राहिली. त्या दिवसापासून ती वर्तमानपत्र मागच्या पानावरून नाही, पुढच्या पानावरून वाचू लागली. तेव्हा पहिली ओळ राज्यशास्त्र. आणि दुसरी इंग्रजी वाङ्मय, कारण तिच्या मते राजकारणाची सगळी जाडी पुस्तकं इंग्रजीत होती, आणि दिल्लीत उभं राहून बोलायचं तर इंग्रजीशिवाय गत्यंतर नव्हतं.

“दिल्लीत कोण उभं राहून राह्यलं वं आपल्या घरातून?” गुरुजी जेवता जेवता म्हणाले. “मराठी घे, इतिहास घे. बी.ए. झाली की एखाद्या हायस्कुलात लागशीन. पोरीच्या जातीले मास्तरकीसारखं दुसरं काही नाही.”

“मले मास्तरीण व्हायचंच नाही, बाबा. अन् मराठी काय शिकायची? ते तं मले येतेच.”

“मंग राजकारण शिकून काय करशीन? बायाइचं काय काम तिथं?”

चुलीजवळ बसलेल्या आत्यानं भाकरी परतता परतता मान वर केली. “काऊन? म्या नाही का मेंबर?”

गुरुजी हसले. स्नेहलताची आई रुख्मिणी पदर तोंडाला लावून हसली. आणि खरं सांगायचं तर स्नेहलताही हसली.

सरस्वतीबाई गुरुजींची थोरली बहीण. ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी परतली ती रिकाम्या हातानं बसली नाही. तिच्या वाटणीचं विहिरीखालचं दोन एकर वावर तिनं स्वतः राबून वांग्या-मिरच्यांचं केलं होतं आणि मोताळ्याच्या बाजारात तिचं पाल ठरलेलं होतं. पंचायत समित्या नव्या नव्या झाल्या तेव्हा कायदा आला की समितीत एक तरी बाई पाहिजे. निवडून तर एकही आली नव्हती. सभापती उकंडरावांनी गावोगाव विचारलं. चार इयत्ता शिकलेली, चालीरीतीला चोख, आणि मुख्य म्हणजे तोंड न उघडणारी अशी बाई त्यांना हवी होती. कोणीतरी गुरुजींच्या बहिणीचं नाव सुचवलं. तेव्हापासून दर महिन्याला सरस्वतीबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून एस.टी.नं समितीच्या गावी जायची, दाराजवळच्या खुर्चीवर टेकायची, सगळ्यांनी हात वर केले की हात वर करायची, सही करायची आणि पाचच्या गाडीनं परत यायची. गावात तिला ‘मेंबरीण’ म्हणत, पण ते चेष्टेनंच.

 त्या हसण्यानंतर आत्यानं भाकरी टोपल्यात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

दोनच दिवसांनी सकाळी मारुतीच्या पारापाशी गलका झाला. मुलींच्या शाळेच्या खोलीसाठी म्हणून चार महिन्यांपूर्वी पाराजवळ दगड आणि पत्रे येऊन पडले होते. पिंपळदरीत मुलांची शाळा होती. मुलींना मात्र मंदिराच्या ओसरीत बसवत, आणि सण आला की सुट्टी द्यावी लागे. आता खोली होणार म्हणून बायकांनी त्या दगडांना हळदीकुंकूसुद्धा लावलं होतं. आणि त्या सकाळी तीन बैलगाड्या येऊन तेच दगड भरू लागल्या. गाडीवाले वाघुळखेडचे. “समितीत समद्याइनं हात वर केले, खोली आमच्या गावी मंजूर झाली,” एवढंच त्यांना ठाऊक.

गुरुजींच्या अंगणात दहा-बारा बाया येऊन उभ्या राहिल्या. पुढं होती शालूबाई. तिच्या तीन पोरी त्या ओसरीत शिकत होत्या.

“सरस्वताबाई, गाडीवाला म्हणते समितीत ठराव झाला. समद्याइनं हात वर केला. तू बी केला काय?”

सरस्वतीबाईच्या हातात मिरच्यांची पाटी होती. ती तिनं खाली ठेवली. “म्या?... शाळेचं तं काही निघालंच नाही वं तिथं.”

“मंग दगड का आपोआप चालले?”

 बाया निघून गेल्या. कोणी वाईट बोललं नाही. पण शालूबाईनं जाताना मागं वळून पाहिलं नाही, ते आत्याला जास्त लागलं.

“कागद कुठं हायेत, आत्या?” स्नेहलतानं विचारलं.

आत्यानं आतून एक उशीचा अभ्रा आणला. दोन वर्षांत समितीनं दिलेला प्रत्येक कागद तिनं त्यात घड्या घालून जपला होता. स्नेहलताला वाटलं होतं की आत्या कागद आणते आणि चुलीत घालते. कागद क्रमानं लावलेले होते, आणि कित्येक ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या.

“ह्या रेघा कशाच्या?”

“समजलं नाही तिथं रेघ मारली. कोणाले विचारीन म्हटलं.”

“मंग विचारलं काऊन नाही?”

“कोणाले विचारू? तुह्या बापाले विचारलं तं हसला असता.” आत्यानं कागदाची घडी सरळ केली. “तू खामगावले होती.”

मागच्या सभेचा कागद वर होता. त्यात बांधकामाचा एकच विषय होता, क्रमांक नऊ. स्नेहलतानं तो मोठ्यानं वाचला. ‘बांधकाम कार्यक्रम : परिशिष्ट ‘ब’ मधील अनुक्रमांक चारचे पूर्वनिश्चित स्थलाऐवजी पर्यायी स्थल निर्धारित करणेबाबत, प्रशासकीय मान्यतेस्तव.’

तिनं परत वाचला. मग तिसऱ्यांदा. परिशिष्ट ‘ब’ कागदाला जोडलेलंच नव्हतं. शाळेचं किंवा पिंपळदरीचं नाव कुठंच नव्हतं. तिला विलायतच्या पार्लमेंटात विधेयकाची तीन वाचनं कशी होतात ते तोंडपाठ होतं. खामगावच्या परीक्षेत त्यावर तिला पैकीच्या पैकी गुण पडले होते. पण आपल्याच गावची शाळा आपल्याच आत्याच्या हातून कोणत्या वाक्यात गेली, ते समजायला तिला तीन वाचनं लागली. परवाच्या हसण्याची तिला आता लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघी पहिल्या गाडीनं समितीच्या कचेरीत गेल्या. तिथं सभेचं काम बघणारे बाबू होते, इंद्रभानबाबू. टक्कल पडलेला, कानावर चष्म्याची दोरी अडकवलेला माणूस. त्यांनी परिशिष्ट ‘ब’ काढून समोर ठेवलं. अनुक्रमांक चार : पिंपळदरी. पर्यायी : वाघुळखेड.

“हे असं लिहिलं काऊन तुमी?” स्नेहलता म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “पिंपळदरीची खोली वाघुळखेडले देऊन राह्यलो, असं लिहिता येत नव्हतं काय?”

इंद्रभानबाबूंना राग आला नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कापडी पुठ्ठ्याची वही काढली. “पोरी, मी नोकरीत लागलो तेव्हा आपण मध्यप्रांतात होतो, नागपूरच्या राज्यात. इंग्रजीत लिहा म्हणत, मग हिंदीत लिहा म्हणत. मंग मुंबई राज्य झालं. आता महाराष्ट्र झाला, अन् म्हणतात मराठीत लिहा. म्या म्हटलं बरं झालं, मराठी तं आपली माय. पण वरून शब्द आले हे.” त्यांनी वही उघडली. एका बाजूला नवे शब्द, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बारीक अक्षरात अर्थ. अर्ध्या शब्दांसमोर जागा कोरी होती. “दरख्वास्त, मंजुरी, तहकूब हे लोकाइले समजत होतं. आता आवेदन लिहा लागते. मलेच समजत नाही तिथं वरच्या कागदातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतो. चूक तं होत नाही.”

“अन् लोकाइले समजते का नाही?”

“ते विचारलं नाही आजवर कोणी.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “गुरुवारी सभा हाय. मेंबर माणसाले सवाल विचाराचा हक्क हाय. बाईले विचारू द्या.”

स्नेहलता घरी आली ती भाषण लिहायलाच बसली. दोन पानं झाली. ‘माननीय सभापती महोदय, लोकशाहीच्या या पवित्र मंदिरात...’ अशी सुरुवात होती. तिला ते फार झकास वाटलं. बुधवारी दिवसभर ती आत्याच्या मागं वांग्याच्या ओळीतून फिरत ते भाषण तिच्याकडून घोकून घेत होती. आत्या वांगी तोडत होती आणि प्रत्येक ‘महोदय’पाशी अडखळत होती. शेवटी तिनं विळा कमरेला खोचला आणि म्हणाली, “लते, हे लय चांगलं हाय. पण ह्या शब्दाइले माह्या तोंडात बसाले जागा नाही.”

“मंग तू काय बोलशीन?”

“पाहीन. उभी तं राहीन.”

गुरुवारी सभेच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर स्नेहलता बसली. खिडकी उघडी होती. आत वीसेक माणसं, पांढऱ्या टोप्या, पितळी तांब्या-भांडी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर आत्या. एक विषय झाला, दुसरा झाला, हात वर गेले, खाली आले. चौथ्या विषयाला हात वर गेले तेव्हा आत्याचा हात मांडीवरच होता. आणि मग ती उभी राहिली. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला तसे सगळे वळले.

“मले एक विचाराचं हाय,” आत्या म्हणाली. आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होता. “मागच्या टायमाले नऊ नंबर वाचला. तुमी म्हटलं हात वर करा, म्या केला. त्या हातानं माह्या गावच्या पोरीइची शाळा गेली. हे त्या कागदात कुठं लिहिलं होतं, ते मले कोणी बोट ठेवून दाखवा.”

तिनं कागद पुढं धरला. कोणी घेतला नाही. एक मेंबर खोकला. दुसरा, वाघुळखेडच्याच शेजारचा, हळूच म्हणाला, “मले तं वाटलं विहिरीचं हाय.” त्यावर कोणीतरी हसलं, पण ते हसू पुढं गेलं नाही. कारण आणखी दोघंतिघं आपापले कागद उलटून बघू लागले होते.

उकंडराव सभापती वाईट माणूस नव्हता. त्यांनी हात जोडल्यासारखं केलं. “बाई, तुमच्या गावानं जागा देली नाही. पाराजवळच्या जागेवर दोघा भावाइचा झगडा हाय, कोर्टात गेला. वाघुळखेडवाल्याइनं लिहून देली. मंजूर झालेली खोली परत गेली असती, म्हणून तिकडे वळवली. यात कोणाचं पाप नाही.”

आत्यानं पुढं धरलेला कागद खाली घेतला. “हे एवढंच होतं?”

“एवढंच.”

“मंग हे असं काऊन नाही सांगतलं त्या दिवशी? जागा नाही, असं म्हटलं असतं तं म्या उभी झाली असती. माहं वावर रस्त्याले लागून हाय. पाच गुंठे म्या देले असते. आजही देतो म्हणा.”

बाहेर स्नेहलता बाकावरून उठून खिडकीशी आली. त्या पाच गुंठ्यांत विहिरीजवळची सगळ्यात चांगली मिरची होती.

सभापतींनी मान खाली घातली. दगड गेले होते, पाया खणून झाला होता. ह्या वर्षीची खोली आता वाघुळखेडचीच. पण बाईनं जागा लिहून दिली तर पुढच्या यादीत पिंपळदरी पहिली, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. आत्या खाली बसली नाही.

“अजून एक. हात वर कराच्या आंधी कोणी तरी आपल्या बोलीत सांगावं, का बा कशासाठी करून राह्यलो. नाही तं म्या करत नाही.”

हा ठराव मात्र मंजूर झाला. इंद्रभानबाबूंनी तो लगेच लिहून वाचून दाखवला : ‘विषयपत्रिकेतील प्रत्येक बाबीचे मतदानपूर्व सुलभ भाषेत स्पष्टीकरण अनिवार्य करणेबाबत...’ आणि वाचता वाचता तेच थांबले. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी ओठ दाबून ती ओळ खोडली आणि नव्यानं लिहिली : ‘हात वर करण्याआधी विषय सोप्या बोलीत सांगावा.’

परतीच्या गाडीत खिडकीशी आत्या बसली होती. बोराखेडीचा फाटा मागं गेला. 

“तुहं भाषण म्या बोलली नाही,” ती म्हणाली. “राग आला काय?”

“नाही वं. बरं झालं.”

“एक सांग. तुह्या कॉलेजात हे कोणत्या विषयात शिकवतात? ते बाबूच्या वहीतले शब्द घ्याचे अन् आपल्यासारख्याले समजन असे कराचे, हे?”

 स्नेहलतानं राज्यशास्त्राची पाठ्यपुस्तकं मनातल्या मनात उलटून पाहिली. त्यात सत्ता होती, सार्वभौमत्व होतं, मतदान होतं. मत देणाऱ्याला समोरचं वाक्य समजलं की नाही, याचा धडा नव्हता. इंग्रजी वाङ्मयात तो असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मराठी? मराठी आपल्याला येतेच, असं ती ठसक्यात म्हणाली होती. आता कळत होतं की बोलता येते ती एक मराठी आणि सह्या घेते ती दुसरी, आणि दोघींची एकमेकींशी ओळख नाही. ती ओळख करून द्यायला दोन्ही घरचं माणूस लागणार होतं.

दिल्ली तिच्या मनातून गेली नव्हती. उगाच कशाला खोटं बोला. पण दिल्लीत उभं राहून काय बोलायचं, याचा तिनं आजवर विचारच केला नव्हता, नुसतं उभं राहण्याचाच केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नागपूरचा फॉर्म पुढं ओढला. पहिल्या ओळीवर ‘राज्यशास्त्र’ लिहिलं. दुसऱ्या ओळीवर पेन जरा थबकला, मग ‘मराठी वाङ्मय’ लिहिलं.

गुरुजींनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अखेर बापाचंच ऐकलं पोरीनं,” ते रुख्मिणीला म्हणाले. “मराठी घेतली. मास्तरकी पक्की.”

स्नेहलतानं काही समजावून सांगितलं नाही. कधीतरी सांगू, असं ठरवलं.

नागपूरचं मात्र जमलं नाही. त्यासाठी आत्यानं भावाशी दोन दिवस वाद घातला. “हिवाळ्यात तिथं ते विधानसभा भरते. पोरीले पाहू दे,” असं ती सांगत होती. पण गुरुजी बधले नाहीत. नागपुरात आपलं कोणी नाही, अमरावतीच्या होस्टेलच्या बाई त्यांच्या ट्रेनिंगच्या वेळच्या ओळखीच्या. आईनंही अमरावतीचीच बाजू घेतली. स्नेहलता एक दिवस जेवली नाही, दुसऱ्या दिवशी जेवली, आणि अमरावतीच्या फॉर्मवर तेच दोन विषय लिहून तो टपालात टाकला. गॅलरीतला तो कठडा पुढं कितीतरी दिवस तिला आठवत राहिला.

अमरावतीला पहिल्याच आठवड्यात अडचण आली. हे दोन विषय एकत्र घेणारी ती एकटीच निघाली. बुधवारी अकराला दोन्ही तास एकाच वेळी. कचेरीतला कारकून म्हणाला, “मराठीबरोबर संस्कृत घ्या नाही तर राज्यशास्त्राबरोबर इतिहास. सगळे तेच घेतात.” ती दोन्ही प्राध्यापकांकडे गेली. राज्यशास्त्राच्या सरांनी तास बदलायला साफ नकार दिला. मराठीच्या सरांनी कुरकुर करत आपला तास शनिवारी नेला, त्यापायी वर्गातल्या सगळ्या मुली तिच्यावर महिनाभर रुसल्या.

सप्टेंबरात आत्याचं पोस्टकार्ड आलं. चौथीच्या वळणाचं मोठं अक्षर, ओळी खाली उतरत गेलेल्या. जागा लिहून दिली, मिरची दुसरीकडे लावली, शालूबाई बोलते. इंद्रभानबाबू आता सभेत विषय सोपे करून सांगतात, पण एका शब्दापाशी ते स्वतःच अडले आहेत आणि सभापतींनी तो विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. शब्द होता ‘पुनर्विनियोजन’. ‘तुह्या सरले विचारून लिव,’ असं खाली होतं.

स्नेहलता मराठीच्या सरांकडे गेली. त्यांनी शब्द फोडून दाखवला. ‘पुनर्’ म्हणजे परत, ‘वि’ आणि ‘नि’ हे उपसर्ग, ‘युज्’ हा धातू. पाच मिनिटं ते रंगून बोलले. “पण सर, हे झालं म्हणजे गावात नेमकं काय होतं?” “ते मला काय विचारता? ते राज्यशास्त्रवाल्यांना विचारा.”

राज्यशास्त्राच्या सरांनी ताबडतोब इंग्रजी शब्द सांगितला आणि त्याची इंग्रजी व्याख्याही. “पण सर, हे मराठीत कसं सांगायचं? माझ्या आत्याला?” सर जरा बुचकळ्यात पडले. “मराठीत? ते मराठीच्या विभागात विचारा.”

ती दोन्ही विभागांच्या मधल्या जिन्यात बसली. येणारी-जाणारी मुलं तिला वळसा घालून जात होती. वहीच्या मागच्या पानावर तिनं एक वाक्य लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं. ‘मंजूर’ हा शब्द ठेवला, ‘तरतूद’ काढून टाकला. शेवटी जमलं तसं पोस्टकार्डावर उतरवलं :

‘आत्या, एका कामासाठी मंजूर झालेला पैसा काढून दुसऱ्या कामाले लावणं, म्हणजे हे. हा शब्द आला की दोन गोष्टी इचारजो. कोणत्या कामाचं काढून राह्यले, अन् कोणत्या कामाले लावून राह्यले. दोन्ही गावाचं नाव घेतल्याबिगर पुढं जाऊ देजो नोको. बाबूच्या वहीत बी लिहून घे म्हणजो. आणखी शब्द असतीन तं पाठव.’

शेवटची ओळ लिहून झाल्यावर तिला आठवलं की आज शनिवार, आणि तिच्यासाठी हलवलेला मराठीचा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.